वरची बाजू

भावाचा आवाज फोनवर आला रात्री दोनला.
जहाज कुठल्याशा बंदराला लागलं म्हणून आला,
नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत मी आणि ती.

"तिका आधी अंधार दी.
डोक्यार टॉवेल घाल. ओलो नको, सुको.
मगे शेपटेकडसून सोडव, तोंडाकडसून नको.
आणि अंडी फिरवू नको गो,
जशी आसत तशीच उचल.
वरची बाजू वरच रवाक होयी."

मी तीनदा ऐकलं.
मागे इंजिनाची घरघर,
कुणीतरी हिंदीत हसत होतं.

सुरंगी टबात, दोन दिवस हललेली नाही.
नाव त्यानेच ठेवलं, अंगावरच्या पिवळट ठिपक्यांवरून.
कागद त्याच्या नावाने,
उंदीर माझ्या पगारातून.

आई दोन वर्षांत या खोलीत आली नव्हती.
उंबऱ्यावरूनच विचारायची, "झाकण लायलस मा?"
आज बॅटरी धरायला दुसरं कुणी नव्हतं.
ती आली, पदर तोंडाला लावून,
आणि बॅटरी आधी छतावर मारली.

टॉवेल टाकला. एकच फुसकारा,
कुकरची शिटी अर्ध्यात राहावी तसा.
शेपटीचं टोक बोटांत घेतलं.
दिवसभर मी वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काजूगर निवडते,
अख्खा, पाकळी, तुकडा.
बोटांना ठाऊक आहे
किती जोर लावला की एकाचे दोन होतात.

ती भांडली असती तर बरं झालं असतं.
मी जिंकले असते, विसरले असते.
पण ती एक वेटोळं सोडायची
आणि ते मी बाजूला करेपर्यंत
दुसरं आवळायची, न रागावता,
झोपेत पांघरूण ओढून घ्यावं तशी.

"चावत कशाक नाय ती?" आई म्हणाली.
मला माहीत नव्हतं.
बॅटरीचा उजेड आता हलत नव्हता.

सहा अंडी, एकमेकांना चिकटलेली,
पांढरी, चामड्यासारखी, किंचित ऊबदार.
सातवं बाजूला, पिवळट, एका अंगाने बसलेलं.
आमच्याकडे असल्याला पोचट म्हणतात,
वेगळ्या टोपलीत टाकतात, बघतही नाहीत.

पेन्सिल आईच्या दुधाच्या हिशोबाची.
मी फुल्या मारणार होते.
तिने पेन्सिल काढून घेतली
आणि प्रत्येकावर, न हलवता, वाकून,
'श्री' लिहिला.
सातव्यापाशी थांबली.
मग त्यावरही.

बंदरावरून आणलेली थर्माकोलची पेटी,
चारदा धुतली तरी सुरमईचा वास.
आत काथ्याचा भुसा, मुठीत पिळला तर थेंब पडू नये इतका ओला.
पेडणेकरांच्या इन्व्हर्टरवरून ओढलेली वायर, साडेएकतीस अंश.
सहा आत गेली. सातवं मी कागदावर ठेवलं.

हात धुऊन आले तर कागद रिकामा.
आई भिंतीला टेकून उभी
आणि टबात सुरंगी
त्या एकाभोवती पुन्हा गोल झालेली,
तीन वेढे, जागा उरून.

"आजची रात," आई म्हणाली.
भावाने हे सांगितलं नव्हतं.
चांगलं केलं की वाईट,
मी अजून ठरवलेलं नाही.

सकाळी दुसरा निरोप सापडला, ऐकायचा राहिलेला:
"टब साबणान धू. तिका पण कोमट पाण्यान.
वास रवलो तर ती खावची नाय,
रिकाम्या जाग्यारच बसान रवतली."

मागल्या दारी धुतलं.
ती माझ्या मनगटावर, जड, ओली,
पाणी निथळून आळवाच्या आळ्यात जात होतं.
किती धुतलं म्हणजे जातो वास,
हे हुंगून कळत नाही;
मला तर कसलाच येत नव्हता,
फक्त साबणाचा.

सातवं आईने माडाच्या मुळाशी पुरलं,
श्री वर ठेवून.

नवव्या दिवशी सुरंगीने उंदीर घेतला.
मी भावाला लिहिलं, "खाल्ल्यान."
जहाज कुठेतरी पाण्यात होतं.
एकच टिक.